दार लागल्याचा आवाज

आई, गेल्या रविवारी आपल्या चंदेरी गाडीला हार घातला गेला. नारायणगावच्या पुढं एका द्राक्षबागेत पुण्याच्या हौशी लोकांनी जुन्या जर्मन गाड्यांचा मेळावा भरवला होता. आपल्या शेडमधल्या गाडीबद्दल त्यांच्यातल्या कुणीतरी ऐकलं होतं. आधी फोन आला, मग दोघंतिघं घरी येऊन बघून गेले. गाडीभोवती फिरताना ते देवळात बोलावं तसं हळू बोलत होते. वडिलांची गाडी आहे तर वडिलांनाही घेऊन या, असं जाताना म्हणाले. म्हणून अण्णांना मागच्या सीटवर बसवलं, चाकाची खुर्ची डिकीत टाकली आणि गेले. तिथं जे झालं ते सांगायला मला दुसरं कुणी नाही. दादा परदेशातून रविवारी फोन करतो, पण अण्णांचं बीपी आणि विहिरीचं पाणी यापलीकडं आमचं बोलणं जात नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला माहीत नसलेलंच आता जास्त झालंय.

ते आधी सांगते. तू गेल्यावर काही वर्षांनी माझं लग्न झालं आणि ते टिकलं नाही. मी पुण्यात एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करत होते, एकटी राहत होते, आणि बरं चाललं होतं. मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, त्यातलं थोडं नंतर परत आलं. दोन महिन्यांची रजा काढून मी आले ती इथंच आहे. ऑफिसातली माझी खुर्ची केव्हाच दुसऱ्याला मिळाली. सकाळी त्यांची अंघोळ, दुपारी औषधं, आणि ऊन उतरलं की ते डाव्या हातातली अंगठी पलंगाच्या नळीवर वाजवायला लागतात. म्हणजे गाडी काढ. मी त्यांना मागं बसवते, कालव्याच्या पुलापलीकडच्या फाट्यापर्यंत नेते, तिथून वळवते आणि घरी आणते. फाट्यावरून एक रस्ता मंचरला जातो, आणि मंचरहून सरळ पुण्याला. त्या रस्त्याला गाडीचं तोंड जरा जरी वळलं तरी मागून काचेवर अंगठी वाजते. मी रोज तो फाटा बघते आणि गाडी मागं फिरवते. लोक म्हणतात, मुलगी असावी तर अशी. तुझ्याबद्दलही लोक असंच काहीतरी चांगलं म्हणायचे, ते मला हल्ली फार आठवतं.

मेळाव्यात त्यांनी गाड्या वयानं लावल्या होत्या. सगळ्यात म्हातारी पहिली, मग तिच्याहून लहान, असं करत करत द्राक्षांच्या मांडवाच्या कडेनं लांब ओळ. मी अण्णांची खुर्ची ढकलत ओळीच्या टोकाशी गेले आणि थबकले. सायीच्या रंगाची, मागच्या बाजूला माशाच्या परासारखे दोन उभे कंगोरे असलेली गाडी. आपली नव्हे, पण आपल्या पहिल्या गाडीची सख्खी बहीण. अण्णांनी डावा हात उचलला आणि तो पर नुसता हातानं चाचपला. पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर, मेळाव्याचे पुढारी तेच होते, आमच्यासोबत चालत होते. ते म्हणाले की ह्या परांचा उपयोग सांगायचा तर गाडी मागं घेताना टोक कुठवर आहे ते दिसावं एवढाच, पण त्या काळात जगभर तशी हौस होती, आणि जर्मन माणूस हौसही मापात करतो.

तू तिला मासोळी म्हणायचीस. अण्णांनी मुंबईहून कुणाची तरी वापरलेली आणली होती, मी चालायला लागायच्या आधीच. माझ्या आठवणीत ती दिवाळीच्या वाटेवर आहे. आपण तुझ्या माहेरी निघालोय, घाटाकडं, भातखाचरांच्या मधून. अण्णा पुढं चालवतायत, दादा त्यांच्या शेजारी, मी तुझ्या मांडीवर. पुढची जाळी देवळाच्या दारासारखी उभी, तिच्यावर ती तीन टोकांची चांदणी, आणि तू हँडल फिरवून काच पूर्ण खाली केलेली. तुझं कोपर बाहेर आहे. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की तू नावानं हाक मारतेस, आणि अण्णा न बोलता गाडी हळू करतात. बाजारपेठेतल्या दुकानासमोर गाडी थांबते, तुझे वडील गल्ल्यावरून उठून येतात आणि चांदणीला कुंकू लावतात. तू दार उघडून आधीच उतरलेली असतेस. तुला त्या गाडीतून उतरताना मी कधी पाहिलंच नाही, कारण मी वळेपर्यंत तू घरात गेलेली असायचीस.

ओळीत पुढं दुसरी गाडी. आपली गडद निळी होती, ही हिरवी. मासोळीचे पर गेले होते, कोपरे थोडे घासले गेले होते, पुढं दोन दोन गोल दिवे एकाच काचेआड शेजारी बसलेले. मागच्या लाल दिव्यांना पत्र्याच्या छपरासारख्या पन्हाळ्या. इंजिनिअर वाकून दाखवत होते की रस्त्याचा चिखल वरच्या कडांवर बसतो आणि खोलगट भाग स्वच्छ राहतो, म्हणून चिखलातही दिवा दिसतो. तू ह्या गाडीला म्हैस म्हणायचीस. डिझेलची होती, सुरू झाली की अंगण थरथरायचं, आणि कितीही चालवली तरी थकायची नाही. अण्णांनी कालव्याच्या मातीकामाची कंत्राटं घेतली, त्यानंतर ती आली. सीटा मखमलीच्या होत्या आणि मागं मान टेकायला उशा. ती मला फार आवडायची. तू तिच्यात मान टेकून बसलेली मला आठवत नाहीस. तू खिडकीकडं सरकून बसायचीस.

त्याच वर्षांत तुझ्या माहेरचं गाव उठलं. धरणाचं पाणी चढणार म्हणून लोकांनी घरांची लाकडं, कौलं, दारंसुद्धा काढून नेली. मामा खाली नव्या जागेत राहायला आले, आजोबा तिथं फार दिवस टिकले नाहीत. मग पाणी भरलं आणि आपल्या शिवारात कालवा आला. घरात पेढे वाटले, तेव्हा तूही वाटलेस. पुढच्या दिवाळीला तू एकदाच म्हणालीस की पाणी कुठवर आलंय ते बघून येऊ. अण्णा म्हणाले, बघून काय करायचंय, जिवाला त्रास. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तुला त्रास होईल असं काही ते करायचे नाहीत. तुला उन्हात उभं राहावं लागू नये, बाजारात घासाघीस करावी लागू नये, एसटीत चढावं लागू नये, हे सगळं त्यांनी बघितलं होतं. तुझ्या पायाला माती लागू नये अशी व्यवस्था होती, आणि तुझं माहेर तर मातीचंच होतं.

तिसरी गाडी आपलीच. ह्या गाड्यांची जुळणी तेव्हा पुण्यातच होऊ लागली होती आणि अण्णांनी कोरी घेतली होती, आयुष्यातली पहिली कोरी. मेळाव्यात तिच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी. एक जण सांगत होता की वरून पाहिलं तर ती मागं निमुळती होत जाते, वारा अंगावरून घसरून जावा म्हणून. दुसरा पुढच्या काचेवरचा एकुलता वायपर दाखवत होता, जो फिरताना मधेच लांब होऊन कोपरे पुसतो. जाळी आता उभी नव्हती, बॉनेटच्या उतारात मागं कलली होती. क्रोम जवळजवळ संपलेलं. मी ओळीच्या सुरुवातीपासून इथपर्यंत चालत आले होते आणि मला त्यांच्यासारखं सौंदर्य दिसतही होतं. प्रत्येक गाडीनं आधीच्या गाडीतलं थोडंसंच बदललेलं, काही सोडलेलं, काही जपलेलं. पण आणखी एक गोष्ट मला दिसत होती. पहिल्या गाडीत मागच्या काचेला हँडल होतं. तिसरीत मागच्या काचेचं बटण होतं, पण पुढच्या सीटांच्या मधे, गिअरपाशी, दुसरं एक बटण होतं. ते दाबलं की मागचं बटण नुसतं शोभेचं. एसी चालू असताना काच उघडलेली अण्णांना चालायची नाही. ते बटण कायम दाबलेलं असायचं.

तुला नारायणगावच्या बाजारातला तो दिवस आठवतच असेल. टोमॅटोच्या पिकअप गाड्यांनी रस्ता तुंबला होता. पुढं अण्णांच्या शेजारी त्यांचे कुणी बडे पाहुणे, मागं आपण दोघी. मी पुण्याहून सुट्टीला आले होते. रस्त्याच्या कडेला एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. तू तिच्याकडं बघितलंस, दार उघडलंस आणि न बोलता उतरून गेलीस. रेशमी साडीत तिच्या शेजारी जमिनीवर बसलीस. तेवढ्यात पुढची वाहनं हलली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि अण्णांना तुला तिथंच सोडून गाडी पुढं घ्यावी लागली. वळसा घालून परत आलो तेव्हा तुम्ही दोघी करवंदं खात होतात. तुझा पदर डोक्यावरून पडला होता आणि तू हसत होतीस. तसं हसताना मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्यावर तू एवढंच म्हणालीस की ती तुझ्या आळीतली होती. पाहुणे काहीतरी गमतीचं बोलले.

त्यानंतर अण्णांनी एक नवीन सवय लावून घेतली. गाडी थांबली की ते स्वतः उतरायचे, वळसा घालून मागं यायचे आणि तुझ्यासाठी दार उघडून धरायचे. लग्नात, देवळापाशी, बँकेसमोर, कुठंही. लोक बघत राहायचे. आमच्याकडच्या बायका तुला म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. आपल्याकडं कुठला पुरुष बायकोसाठी दार उघडतो. मलाही ते फार छान वाटायचं. पुण्यात मी मैत्रिणींना सांगायचे. तू उतरताना खाली बघायचीस आणि मी समजायचे की तू लाजतेस.

मला गाडी चालवायला अण्णांनीच शिकवली, हेही खरं आहे. दादा तेव्हा बाहेरगावी गेला होता. मुलीला एवढी मोठी गाडी देताना ते जराही कचरले नाहीत. माझी पोरगी चालवते, हे ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मग ते कामात असले की तुला न्यायचं-आणायचं माझ्याकडं आलं, आणि त्या उन्हाळ्यात घोडेगावला नात्यातलं लग्न निघालं. मी तुला घेऊन गेले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, मी तुला मागं बसवलं आणि गाडी घराच्या दिशेला वळवणार तोच तू म्हणालीस, ‘तशीच पुढं घे.’

कुठं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, ‘धरणाकडं. पाणी लई उतरलंय म्हणत्यात.’

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. डोंगर पिवळे पडले होते आणि धरणाच्या काठाला पाण्याच्या जुन्या खुणांचे पट्टे उघडे होते. तू सांगत गेलीस तशी मी वळत गेले. शेवटी एक फुटका डांबरी रस्ता आला जो उतारावरून सरळ पाण्याकडं जात होता. तोच तुमचा जुना रस्ता. त्याच रस्त्यानं आपण मासोळीतून जायचो. गाळ सुरू झाला तिथं मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि उतरले. पुढं चार पावलं गेले, तर खाली गाळातून भिंतींच्या ओळी वर आलेल्या दिसल्या, दगडी जोती, एक अर्धी कमान. मी तुला काहीतरी म्हणाले आणि उत्तर आलं नाही म्हणून मागं वळले. तू गाडीतच होतीस. काचेवर तुझा तळहात टेकलेला होता आणि तुझे ओठ हलत होते. एक शब्द ऐकू येत नव्हता, इतकी ती गाडी बंदिस्त. मला आधी वाटलं, तू मला पुढं जा म्हणतेस. मी हात हलवला. मग तू तळहातानं काच बडवायला लागलीस.

मी धावत येऊन दार उघडलं. आतली गरम वाफ तोंडावर आली. तुझं कपाळ घामानं भिजलं होतं. काय झालं म्हणून विचारलं तर तू पदरानं तोंड पुसत, साडी सावरत, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, ‘आतनं उघडत न्हाई ते. लई दिवस झालं.’

मागच्या दोन्ही दारांच्या कडेला एकेक लहानशी दांडी असते. चालत्या गाडीत लहान मुलांनी दार उघडू नये म्हणून तिची सोय. मी ती बघितली आणि मग अण्णांचं ते वळसा घालून येणं, दार धरून उभं राहणं, लोकांचं बघणं, तुझं खाली बघणं, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. मी म्हणाले की मी आत्ता सोडते ही. नखानं दांडी चाचपत होते तर तू माझा हात धरलास.

‘ऱ्हाऊ दे,’ तू म्हणालीस. ‘त्यांना कळंल आपण वाटंत कुटंतरी उतरलो ते. मग एवढं बी न्हाई मिळायचं.’

मग तू चपला काढून हातात घेतल्यास आणि गाळात उतरलीस. गाळ वर वाळलेला, खाली मऊ होता. मी मागून येत होते. तू एकदाही चुकली नाहीस. सगळं एकसारखं करडं होतं, तरी तू वळत होतीस, जिथं आळी वळायची तिथं. एका जोत्यावर चढलीस आणि तिथं उभी राहून मला दाखवलंस की हे दुकान, हा गल्ला, ही आतली खोली, हितं चूल. चुलीच्या जागी शिंपले होते. तू रडशील म्हणून मी तयारीत होते, पण तू रडली नाहीस. तू उंबऱ्याच्या दगडावर बसलीस, पाय पसरलेस आणि बराच वेळ पाण्याकडं बघत राहिलीस. मला वाटत होतं की उशीर होतोय. तुला तसं काही वाटत नसावं. उठताना तू म्हणालीस की हे घर लई लहान व्हतं बघ, आणि आपल्याला कसं पुरायचं.

परत आल्यावर मी मागचं दार उघडलं, तर तू पुढच्या दाराशी जाऊन उभी होतीस. इतक्या वर्षांत, तीन गाड्यांमधे, तू पहिल्यांदा पुढं बसलीस. पाय चिखलाचे होते, तू ते बुडाखाली घेऊन मांडी घालून बसलीस. घोडेगावच्या अलीकडं मला दिसलं की तू दोन्ही हात समोरच्या फळीवर ठेवलेत, जसं कुणी कठड्याला धरतं.

‘फुडनं रस्ता आपल्याकडं येतो,’ तू म्हणालीस. ‘मागनं नुसता जाताना दिसतो.’

तेवढंच. बाकी वाट तुझी मान सारखी डावीकडं उजवीकडं फिरत होती. कालव्याच्या पुलापाशी आल्यावर तू मला थांबवलंस. कालव्यात पाय धुतलेस, साडीची कड पिळलीस आणि मागच्या सीटवर जाऊन बसलीस. दार मी लावलं. ते जसं लागतं तसंच लागलं, जड आणि मऊ, एकदाच. अंगणात अण्णा वाटच बघत होते. पायऱ्या उतरून आले, मला बाजूला सारून त्यांनी दार उघडलं आणि तुला विचारलं की लग्न कसं झालं. तू म्हणालीस, चांगलं झालं, जेवणं चांगली होती. शेजारची बाई कुंपणापलीकडून कौतुकानं बघत होती. पुन्हा आपण कधी त्या दिवसाबद्दल बोललो नाही, आणि पाणी परत तेवढं खाली जायच्या आत तू आजारी पडलीस.

तर मेळाव्यात जेवणाआधी सगळ्यांना माइकवर बोलायला लावलं. आपापल्या आठवणी. बहुतेक पुरुषच होते, माझ्याहून थोडे मोठे किंवा माझ्या वयाचे. कुणाला चामड्याचा वास आठवत होता, कुणाला बॉनेटच्या टोकावरची चांदणी नेमात धरून गाडी चालवणारे वडील. एकानं सांगितलं की ह्या गाड्यांचं खरं सौंदर्य डोळ्यांनी नाही, कानांनी कळतं, आणि त्यानं आपल्या गाडीचं मागचं दार उघडून सोडलं. दार लागलं. मग टाळ्या. तिजोरीसारखा आवाज, असं कुणी म्हणालं. पुन्हा लावून दाखवा, म्हणून आग्रह झाला. अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज सुंदर वाटतो. दुसऱ्या कुठल्या गाडीचं दार तसं लागत नाही. मग माइक माझ्याकडं आला. मी म्हणाले की माझी आई पहिल्या गाडीला मासोळी, दुसरीला म्हैस आणि तिसरीला साबणाची वडी म्हणायची, कारण दरवेळी गाडीचे कोपरे थोडे झिजलेले असायचे. लोक खूप हसले. इंजिनिअर म्हणाले की गाड्यांच्या घडणीचा अख्खा इतिहास तुमच्या आईनं तीन शब्दांत सांगितला. तुझं एवढं कौतुक तुझ्या हयातीत कुणी केलं नव्हतं, झालं ते दार उघडणाऱ्या नवऱ्याचंच.

जेवणानंतर तेच इंजिनिअर आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघायला गेले. त्यांनी दार ओढून घेतलं, डोळे मिटून मान टेकली आणि थोड्या वेळानं उतरायला गेले तर दार उघडेना. आतून त्यांनी काचेवर टकटक केली. बाहेरचे हसले. मी जाऊन दार उघडलं. ते उतरले, कडेची दांडी बघितली आणि सहज विचारलं की घरात लहान मुलं आहेत का. मी नाही म्हणाले. मग कशाला लावून ठेवलंय, सोडून देऊ का, असं म्हणत ते खाली वाकले. मी म्हणाले, असू द्या, मी करते. इतकी वर्षं मी रोज अण्णांना त्या दारातून आत बसवते, बाहेर काढते, आणि त्या दांडीला कधी हात लावला नव्हता. ती घट्ट बसली होती. किल्लीच्या टोकानं रेटली तेव्हा कट्कन सुटली. मागं वळले तर अण्णांची खुर्ची तिथंच होती आणि ते माझ्या हाताकडं बघत होते.

येताना नारायणगावच्या बाजारातून गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती. अंगठी काचेवर वाजली. मी कडेला घेतली, वाटलं त्यांना लघवीला जायचं असेल. ते रस्त्याच्या कडेला बघत होते, जिथं आता मोबाइलची दुकानं आहेत. त्यांचं बोलणं तुटक येतं, एकेक शब्द ओढून आणावा लागतो.

‘ती हितं उतरली व्हती,’ ते म्हणाले.

मी म्हणाले, हो अण्णा, मी होते गाडीत.

‘मला वाटलं, जाती आता.’

मी विचारलं की कुठं जाणार होती ती, तिचं गाव तर पाण्याखाली गेलं होतं. त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्यांचा जबडा नुसता हलत राहिला. मग म्हणाले, ‘कुटं बी.’

झटका आल्यापासून त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आपोआप येतं, त्यामुळं ते रडत होते की नाही हे मला सांगता येणार नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो धरून ठेवायला समोर तो माणूस नव्हता. मागं एक घाबरलेला म्हातारा बसला होता. तू उतरशील म्हणून तो तेव्हाही घाबरला होता, आणि त्याला ते सांगता आलं नाही, म्हणून त्यानं दांडी खाली केली. तुला हे कळलं होतं का, हे मला विचारायचं आहे. कदाचित कळलं असेल. म्हणूनच तू ऱ्हाऊ दे म्हणालीस की काय, असं आता मला वाटतं. पण त्यामुळं ते दार काही उघडं झालं नसतं, हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर मी उतरले आणि अंगणात थांबले. अण्णा डाव्या बाजूलाच बसतात, दाराची कडी त्यांच्या चांगल्या हाताशी येते. आता ते आतूनही उघडतं, हे त्यांनी बघितलं होतं. मी बराच वेळ उभी राहिले. ते काचेतून माझ्याकडं बघत होते. शेवटी मी वळसा घालून गेले आणि दार उघडलं. त्यानंतर रोज तसंच चाललंय. रोज मी जरा थांबते, रोज ते थांबतात. फाट्यावरून मीसुद्धा रोज गाडी वळवते. काल त्यांनी अंगठी वाजवली नाही, तरी वळवली.

हे कागद मी घडी करून ठेवणार आहे, ते कुठं जायचे नाहीत. फक्त एक राहिलं. शेवटच्या वर्षांत गाडी मीच चालवायचे, त्यामुळं मला आठवतो तो तुझा चेहरा बहुतेक पुढच्या आरशातला आहे. तुझ्या गालावर तीळ होता. आरशात तो मला उजव्या गालावर दिसतो, म्हणजे तो डाव्या गालावर असला पाहिजे. पण मनात तुला समोर बसवून बघते तेव्हाही तो उजव्या गालावरच येतो. कपाटातला फोटो काढला की एका मिनिटात कळेल. मी अजून काढलेला नाही.